शेजार म्हणजे नाते नव्हे

कोलोनोस्कोपीच्या अहवालाभोवती अलीकडे तीन शब्द वारंवार एकत्र दिसू लागले आहेत: डायव्हर्टिक्युला, पॉलिप आणि कर्करोग. पहिले दोन अहवालात छापलेले असतात; तिसरा बहुधा तो वाचणाऱ्याच्या मनात असतो. ‘मोठ्या आतड्यात पिशव्या आढळल्या, एक पॉलिप काढला’ एवढे वाचले की घरातील शिकलीसवरलेली मंडळी रात्री उशिरापर्यंत इंटरनेट धुंडाळतात आणि सकाळपर्यंत एक साखळी तयार झालेली असते. आधी पिशव्या होतात, पिशव्यांचे पॉलिप होतात आणि पॉलिपचा कर्करोग होतो. ही साखळी ऐकायला सुसंगत वाटते. तिची शेवटची कडी बऱ्याच अंशी खरी आहे, पहिली मात्र साफ चुकीची आहे.

पॉलिप आणि कर्करोग यांच्यात जैविक नाते आहे. डायव्हर्टिक्युला आणि कर्करोग यांच्यात आहे तो शेजार. हा भेद नीट न समजल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. काही जण निष्कारण घाबरतात, तर काही जण निष्कारण निर्धास्त होतात. आपल्या देशात दुसऱ्या प्रकारचे नुकसान अधिक जीवघेणे आहे, असे माझे मत आहे. त्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा विषय केवळ वैद्यकीय माहिती म्हणून न वाचता पुराव्याचे मोल कसे करावे, याचा एक धडा म्हणूनही वाचावा.

प्रथम रचना पाहू. मोठ्या आतड्याच्या भित्तिकेत स्नायूंचा एक थर असतो. आतल्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या हा थर भेदून आत शिरतात आणि त्या जेथून शिरतात तेथे भित्तिका काहीशी दुबळी राहते. वयोमानानुसार ऊतींची लवचीकता कमी होते, आतील दाबाचा ताण पडत राहतो आणि त्या दुबळ्या जागेतून अस्तर बाहेरच्या बाजूस फुगते. सायकलच्या टायरला चीर पडून आतली ट्यूब बाहेर डोकवावी, तसे. अशा एका पिशवीला डायव्हर्टिक्युलम आणि अनेक पिशव्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. पाश्चात्त्य देशांत त्या प्रामुख्याने आतड्याच्या डाव्या बाजूस, सिग्मॉइड भागात आढळतात. आशियाई लोकांत उजव्या बाजूस आढळण्याचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. अशा पिशवीला सूज येऊन डायव्हर्टिक्युलायटिस होण्याची वेळ पाच टक्क्यांहूनही कमी लोकांवर येते.

पॉलिपची घडण निराळी आहे. येथे बिघाड भित्तिकेत नसतो, पेशीत असतो. अस्तरातील पेशींच्या विभाजनावरचा जनुकीय लगाम सुटतो आणि आतड्याच्या पोकळीत एक लहानशी गाठ उगवते. तिच्या अनेक प्रकारांपैकी अॅडेनोमा हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टीन यांनी १९९० मध्ये या गाठीचा कर्करोगापर्यंतचा प्रवास जनुकांच्या भाषेत मांडला. बहुधा आधी एपीसी हे जनुक निकामी होते, पुढे केआरएएसमध्ये बदल होतो आणि उशिरा केव्हातरी टीपी५३ चा पहारा उठतो. या प्रवासाला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि बहुसंख्य अॅडेनोमा तो पूर्ण करीतच नाहीत. परंतु मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशाच एखाद्या पॉलिपपासून सुरू होतात. अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पॉलिप काढून टाकलेल्या लोकांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या लोकसमूहांपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसले. पायरी काढली की जिना तुटतो. कार्यकारणसंबंधाच्या बाजूने याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

डायव्हर्टिक्युलाच्या बाबतीत असा जिना कोणालाही दाखवता आलेला नाही. मग ही साखळी लोकांच्या मनात, आणि काही काळ वैद्यकाच्याही मनात, आली कोठून?

तिचे एक मूळ डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाच्या कामात सापडते. बर्किट यांनी युगांडात दीर्घकाळ सेवा केली. लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका लिम्फोमाला त्यांचेच नाव आहे. ग्रामीण आफ्रिकेत जे आजार त्यांना जवळजवळ दिसले नाहीत, ते इंग्लंडमध्ये पावलोपावली दिसत होते. डायव्हर्टिक्युला, पॉलिप, मोठ्या आतड्याचा कर्करोग, अपेंडिक्सची सूज, मूळव्याध: या सर्वांचे एक कारण असावे आणि ते म्हणजे चोथा नसलेला आहार, असा विचार त्यांनी मांडला. १९७१ मध्ये नील पेंटर यांच्यासह ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी डायव्हर्टिक्युलर आजाराला पाश्चात्त्य संस्कृतीचा अभावजन्य रोग ठरवले. कल्पना भव्य होती आणि तिने जगाला कोंड्याचे महत्त्व पटवले, हे उपकार मोठेच आहेत. मात्र एकाच कुटुंबाची म्हणून जी यादी झाली, त्या यादीतील मंडळी एकमेकांची सख्खी भावंडे आहेत असा समजही तिच्याबरोबरच रुजला.

पुढच्या संशोधनाने या कुटुंबाची वाटणी केली. २०१२ मध्ये अमेरिकेत कोलोनोस्कोपी झालेल्या २,१०४ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अधिक तंतुमय आहार घेणाऱ्यांत लक्षणविरहित पिशव्या कमी असतील ही अपेक्षा त्यात खरी ठरली नाही. दुसरीकडे, ब्रिटनमधील ४७ हजार लोकांच्या २०११ मधील अभ्यासात, शाकाहारी व्यक्तींना डायव्हर्टिक्युलर आजारामुळे रुग्णालय गाठावे लागण्याचा धोका ३१ टक्के कमी दिसला. म्हणजे पिशवी होणे आणि पिशवीने त्रास देणे यांचीही कारणे एकच असतील असे नाही. बिया आणि दाण्यांचेही तसेच. पेरू, टोमॅटो, शेंगदाणे खाऊ नका, बिया पिशवीत अडकतील, हा सल्ला आजही कानावर येतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा अठरा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात दाणे, मका किंवा लाह्या खाल्ल्याने धोका वाढल्याचे दिसले नाही. चुकीच्या साखळीपायी लोक चांगले अन्न सोडतात, हा तोटा लहान वाटला तरी तो खरा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डायव्हर्टिक्युला असलेल्या व्यक्तींमध्ये पॉलिप आणि कर्करोगही आढळतात, हे तर डॉक्टर रोज पाहतात. मग संबंध नाही असे कसे म्हणावे?

एक साधे गणित करू. पाश्चात्त्य देशांत साठी ओलांडलेल्या साधारण निम्म्या लोकांच्या आतड्यात पिशव्या असतात. पन्नाशीनंतर तपासणी करून घेणाऱ्यांपैकी निदान चारांतील एकाला अॅडेनोमा असतो. क्षणभर धरून चालू की या दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तरीही निम्म्याचा पाव भाग, म्हणजे आठांपैकी एका व्यक्तीत, दोन्ही गोष्टी एकत्र सापडतील. दिवसाला आठ कोलोनोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरला ही जोडी रोज भेटेल आणि काही वर्षांत तिचे नाते त्याला स्वयंसिद्ध वाटू लागेल. त्यात वय दोहोंचे प्रमाण वाढवते. लठ्ठपणा, धूम्रपान आणि बैठी जीवनशैली यांचाही दोन्हीकडे हात असतो. शिवाय ज्याच्या पोटात दुखते त्याचीच दुर्बीण-तपासणी होते आणि तपासणी झाली की जे शांतपणे पडून होते तेही सापडते. समान कारणे आणि शोधण्यातला कल, या दोन गोष्टी संख्याशास्त्रात नात्याचा भास निर्माण करतात.

हा भास कसा फोडावा, याचे उत्तम उदाहरण स्वीडनमध्ये आहे. तेथे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने डायव्हर्टिक्युलर आजार आणि डाव्या बाजूचा कर्करोग यांत संबंध असल्याचे सुचवले होते, म्हणून शंका गंभीर होती. २०११ मध्ये ४१ हजारांहून अधिक कर्करोगग्रस्तांची, प्रत्येकी दोन निरोगी व्यक्तींशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. डायव्हर्टिक्युलर आजारासाठी रुग्णालयात दाखल झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत कर्करोगाचे निदान होण्याची शक्यता तब्बल ३१ पटींपर्यंत अधिक दिसली. एवढाच आकडा कोणी मथळ्यात छापला असता तर देशोदेशी हाहाकार उडाला असता. पण त्याच अभ्यासात बारा महिन्यांनंतर वाढीव धोका उरलाच नाही. शिवाय किती वेळा दाखल व्हावे लागले, यानेही धोक्यात फरक पडला नाही.

विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. पिशव्यांमुळे कर्करोग होत असता, तर पॉलिपच्या दहा वर्षांच्या प्रवासाचा हिशेब धरता धोका हळूहळू, वर्षानुवर्षे चढत गेला असता. ज्यांना आजाराने पुन्हा पुन्हा ग्रासले त्यांच्यात तो अधिक दिसला असता. प्रत्यक्षात आलेख उलटा आहे: आधी उंच कडा, मग सपाट मैदान. याचा सरळ अर्थ असा की तो कर्करोग आधीपासूनच होता. पोटदुखीने रुग्ण आला, त्याला डायव्हर्टिक्युलर आजाराचे नाव मिळाले आणि पुढच्या तपासण्यांत खरा गुन्हेगार हाती लागला. काही रुग्णांत तर पहिले निदानच कर्करोगाचे सोंग होते.

या सोंगामुळेच दोहोंतला एक संबंध मात्र मान्य करावा लागतो. तो उत्पत्तीचा नाही, निदानाचा आहे. सीटी स्कॅनमध्ये सुजलेली भित्तिका आणि कर्करोगाने जाड झालेली भित्तिका कधी कधी सारखीच दिसते. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, डायव्हर्टिक्युलायटिसचे निदान झालेल्यांपैकी सुमारे १.६ टक्के रुग्णांत प्रत्यक्षात कर्करोग निघाला. साध्या सुजेत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. गळू किंवा छिद्र झालेल्या गुंतागुंतीच्या आजारात ते ११ टक्क्यांच्या जवळ गेले. म्हणूनच, अलीकडे कोलोनोस्कोपी झालेली नसेल तर सूज ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी ती करावी, असा सल्ला दिला जातो. त्यामागचे कारण ‘पिशवीचा कर्करोग होईल’ हे नसते. ‘पिशवी म्हणून जे दिसले ते खरोखर तेच होते ना’ ही खात्री करणे असते.

दुर्बिणीतूनही हा शेजार फसवतो. पिशव्यांनी वेढलेला सिग्मॉइड भाग अरुंद आणि वाकडातिकडा होतो, त्यामुळे घड्यांआडचा पॉलिप नजरेतून सुटू शकतो. क्वचित एखादी पिशवी आतल्या बाजूस उलटते आणि हुबेहूब पॉलिपसारखी दिसते. तिला पॉलिप समजून कापले तर आतड्याला छिद्र पडू शकते. नाते नसले तरी शेजाऱ्याला ओळखणे का आवश्यक असते, ते यावरून कळावे.

हे सर्व भारतातल्या वाचकाने का वाचावे? कारण आपल्याकडे चुकीची साखळी जोडण्यापेक्षा चुकीच्या नावावर समाधान मानण्याचा धोका मोठा आहे. पश्चिमेत जे सोंग कधी कधी डायव्हर्टिक्युलायटिस वठवतो, ते आपल्याकडे मूळव्याध वठवते. उत्तर भारतातून रेल्वेने येताना रुळांलगतच्या भिंती पाहाव्यात: बवासीर आणि भगंदर यांवरील हमखास इलाजाच्या जाहिराती मैलोन्‌मैल सोबत करतात. शौचावाटे रक्त गेले की रोगाचे नाव रुग्णाला आधीच ठाऊक असते, औषध शेजारी सुचवतो आणि संकोच तपासणी टाळतो. मूळव्याध अतिशय सामान्य आहे, हे खरेच. पण सामान्य आजार असणे म्हणजे दुसरा आजार नसणे नव्हे. मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोगापासून कोणतेही संरक्षण मिळत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील सुमारे ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते आणि निम्म्याहून अधिक जणांचे लक्षण शौचावाटे रक्त जाणे हेच होते. ‘भारतीयांना हा कर्करोग तरुणपणीच होतो’ असे मथळे अशा आकड्यांवरून निघतात. वर स्वीडनच्या आकड्याला जी कसोटी लावली, तीच येथेही लावायला हवी. ज्या देशाची लोकसंख्याच तरुण आहे, तेथे कोणत्याही आजाराच्या रुग्णांचे सरासरी वय कमीच भरते. शिवाय मोठ्या केंद्रापर्यंत प्रवास करून पोहोचणारे रुग्ण सर्व रुग्णांचे प्रतिनिधी असतीलच असे नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद उरते: पन्नाशी यायची आहे, म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करावे, ही सवलत कोणालाही नाही.

दुसरे सोंग रक्तक्षयाचे. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग थेंबाथेंबाने, डोळ्यांना न दिसणारे रक्त गमावतो. त्याची पहिली खूण पुष्कळदा थकवा आणि घसरलेले हिमोग्लोबिन एवढीच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. जेथे रक्तक्षय इतका सार्वत्रिक आहे, तेथे एखाद्या पन्नाशीच्या पुरुषाचा किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचा रक्तक्षय गर्दीत सहज हरवतो. लोहाच्या गोळ्या मिळतात, आकडा थोडा वर येतो आणि रक्त कोठे जात होते हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

मग भारताने सर्वांची कोलोनोस्कोपी सुरू करावी काय? माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. भारतात दरवर्षी या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण आढळतात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. संख्या मोठी वाटली तरी लोकसंख्येच्या मानाने आपला दर पाश्चात्त्य देशांच्या कितीतरी पटींनी कमी आहे. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील ८४ हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तेथे कोलोनोस्कोपीसाठी आमंत्रित केलेल्या गटात दहा वर्षांतील कर्करोगाचा धोका १.२० टक्क्यांवरून ०.९८ टक्क्यांवर आला; आमंत्रितांपैकी प्रत्यक्ष तपासणी ४२ टक्क्यांनीच करून घेतली. जेथे मूळ धोकाच कमी, तेथे मिळणारा लाभही कमी. शिवाय तज्ज्ञ आणि उपकरणे जिल्ह्याच्या ठिकाणीही अपुरी आहेत. ती निरोगी माणसांत गुंतवली तर रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाची रांग लांबेल. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची चाळणी आहे. आजच्या घडीला ही निवड मला चुकीची वाटत नाही.

परंतु चाळणी न करणे आणि लक्षणे दिसूनही न तपासणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शौचावाटे रक्त जात असलेल्या प्रौढ व्यक्तीला मूळव्याधीचे नाव देण्यापूर्वी बोटाने गुदाशयाची तपासणी झालीच पाहिजे, हा नियम प्राथमिक आरोग्य केंद्रापासून खासगी दवाखान्यापर्यंत रूढ व्हावा. भारतात या कर्करोगातील गुदाशयाचा वाटा लक्षणीय आहे आणि त्यांतील काही गाठी बोटाच्या टप्प्यात असतात. त्यासाठी एक हातमोजा आणि दोन मिनिटे लागतात. चाळिशीपुढे, किंवा वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, कुटुंबात हा कर्करोग झालेला असेल तर त्याआधीही, दुर्बिणीची तपासणी टाळू नये. पुरुषांतील आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांतील लोहाच्या कमतरतेचे कारण शोधल्याखेरीज उपचार पूर्ण झाला असे मानू नये. विष्ठेतील अदृश्य रक्त हुडकणारी एफआयटी ही स्वस्त चाचणी जपान १९९२ पासून राष्ट्रीय पातळीवर वापरत आहे. केरळ आणि ईशान्य भारतातील ज्या भागांत आपल्याच कर्करोग नोंदण्यांना अधिक दर दिसतो, तेथे तिचा मर्यादित प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

आणि एक मागणी अहवाल लिहिणाऱ्यांकडे. कोलोनोस्कोपीच्या कागदावर रुग्णाच्या भाषेत चार ओळी असाव्यात. डायव्हर्टिक्युला असतील तर त्या कर्करोगाची पूर्वावस्था नाहीत, हे लिहावे. पॉलिप काढला असेल तर त्याचा प्रकार, आकार आणि पुढच्या तपासणीचे वर्ष लिहावे. इंटरनेटवर रात्र जागवण्यापेक्षा त्या चार ओळी अधिक माणसांना वाचवतील.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा अहवाल आलाच, तर पिशव्यांची चिंता सोडून पॉलिपविषयी विचारावे. तो कोणत्या प्रकारचा होता? संपूर्ण निघाला का? पुन्हा केव्हा यायचे? आणि घरातल्या एखाद्या ज्येष्ठाने ‘थोडे रक्त जाते, जुनी मूळव्याध आहे’ असे सहज म्हणून विषय संपवला, तर तो तेथेच संपू देऊ नये. ती मूळव्याधच आहे हे कोणी तपासून सांगितले, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारावा.